बदलले तेवढेच पाठवा: दोन फोल्डर जुळते ठेवण्याच्या साधनांचा आढावा

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्याचे क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर आहे. व्याघ्रगणनेत साधारण दोन चौरस किलोमीटरच्या एका चौकोनात कॅमेऱ्यांची एक जोडी लावतात. कॅमेरे वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर असतात, म्हणजे वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे टिपले जातात. टिपेश्वरचे सगळे चौकोन धरले तर सत्तरच्या वर जोड्या होतात आणि मेमरी कार्डे दीडशेच्या घरात जातात. देशभराचा आकडा यावरून कल्पनेत येईल. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ छायाचित्रे जमली. त्यांत वाघांची होती ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७.

असा डेटा कार्डावरून लॅपटॉपवर येतो, तिथून कार्यालयातल्या नेटवर्क स्टोरेजवर, म्हणजे बोलीभाषेत ‘नॅस’वर, आणि पुढे दूरच्या दुसऱ्या नॅसवर जातो. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न उभा राहतो: कालपासून आजपर्यंत जे नवे आले किंवा बदलले, तेवढेच पलीकडे कसे न्यायचे? यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न फक्त जंगलाचा नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या कार्यालयातला टॅलीचा फोल्डर, वणीकडच्या कोळसा खाणींच्या सर्व्हेचे नकाशे, लग्नाचे फोटो सांभाळणारा दारव्ह्याचा किंवा पुसदचा स्टुडिओ, एक्स-रे साठवणारा दवाखाना, सगळ्यांपुढे तोच आहे. साधने पुष्कळ आहेत, बहुतेक फुकट आहेत आणि कमांड लाइनवरून दोन ओळींत चालतात. तरीही ती चुकीच्या जागी चालवली जातात, आणि त्यातून एक तर रात्र रात्र कॉपी संपत नाही, नाहीतर एका सकाळी पलीकडचे सगळे पुसलेले सापडते.

या सगळ्या साधनांकडे पाहताना मला एकच कसोटी उपयोगी वाटते. काय बदलले हे कोण ओळखते, आणि ते कुठे बसून ओळखते? वेग, सुरक्षितता, खर्च या बाकीच्या गोष्टी याच उत्तरातून निघतात.

आधी पहिल्या कॉपीचा निकाल लावू, कारण तिथे वादाला जागा नाही. एक टेराबाइट डेटा सेकंदाला २० मेगाबिट अपलोडच्या लाइनवरून पाठवायचा तर ४ लाख सेकंद लागतात, म्हणजे साडेचार दिवसांहून अधिक, तेही लाइट एकदाही गेली नाही तर. तोच डेटा हार्ड डिस्कवर घेऊन यवतमाळहून एसटीने नागपूरला निघालात तर दीडशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास आहे, त्याच दिवशी परत येता. म्हणून पहिली पूर्ण प्रत डिस्कवरून न्यावी आणि लाइन फक्त रोजच्या बदलांसाठी ठेवावी. रोज पाच गीगाबाइट नवे आले तर त्याच लाइनला अर्ध्या तासापेक्षा थोडे जास्त लागते. इथून पुढचा सगळा लेख त्या अर्ध्या तासाबद्दल आहे.

या कामातले सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे आरसिंक. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते जून १९९६ मध्ये जाहीर केले. लिनक्स आणि विंडोजला एकमेकांचे फोल्डर दिसू लागले ते ज्या सांबामुळे, ते सांबाही याच ट्रिजेलचे. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय लाइनी आपल्या आजच्या लाइनीपेक्षाही बारीक होत्या, आणि आरसिंक त्या गरजेतून घडले.

आरसिंक दोन पायऱ्यांनी काम करते, आणि लोक बहुधा दुसऱ्या पायरीचेच कौतुक करतात. पहिली पायरी साधी आहे: दोन्हीकडच्या फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ सारखी असेल तर ती फाइल उघडायचीसुद्धा नाही. फरक दिसला तरच दुसरी पायरी. मग घेणारी बाजू आपल्याकडच्या जुन्या फाइलचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडते. लहान फाइलीसाठी तुकडा ७०० बाइटचा असतो, मोठ्या फाइलीसाठी फाइलच्या आकाराच्या वर्गमुळाइतका. प्रत्येक तुकड्याच्या दोन खुणा काढून ती पाठवणाऱ्या बाजूला कळवते. एक खूण कच्ची, झटकन निघणारी. दुसरी पक्की, काढायला महाग. पाठवणारी बाजू आपल्या नव्या फाइलवरून तुकड्याएवढी खिडकी एकेक बाइट पुढे सरकवत नेते. कच्ची खूण अशी रचलेली आहे की खिडकी एक बाइट सरकली तर सगळी बेरीज पुन्हा करावी लागत नाही. मागचा बाइट वजा, पुढचा जमा. कच्ची खूण जुळली तरच पक्की तपासायची. तीही जुळली तर ‘तुझा अमुक क्रमांकाचा तुकडा वापर’ एवढाच निरोप जातो. खरा मजकूर जातो तो फक्त न जुळलेल्या भागाचा. फाइलच्या सुरुवातीला चार अक्षरे घुसवून पुढचे सगळे सरकले तरी ही युक्ती फसत नाही. इतक्या वर्षांनंतरही मला तिच्यात सुधारावे असे फारसे काही दिसत नाही.

पण टिपेश्वरच्या फोटोंना या युक्तीचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. कॅमेऱ्याने काढलेला फोटो पुन्हा कधी बदलत नाही. तो एडिट करून पुन्हा जेपेग केला तर आतले बहुतेक सगळे बाइट नवे होतात, जुळायला काही उरतच नाही. झिप केलेल्या आणि कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केलेल्या फाइलींचेही तसेच. फोटोंच्या बाबतीत वाचतो तो सगळा वेळ पहिल्या पायरीने वाचतो, ‘न बदललेले सोडून दे’ या नियमाने. दुसरी पायरी कामाला येते ती मोठ्या आणि थोड्याच बदलणाऱ्या फाइलींवर: स्टुडिओतला लाइटरूमचा कॅटलॉग, आउटलुकची भलीमोठी मेल फाइल, व्हर्च्युअल मशीनची डिस्क. किंवा रोज शेपटीला वाढणाऱ्या नोंदींवर. जून २०१९ मध्ये टिपेश्वर सोडून निघालेला आणि डिसेंबरात बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचलेला तरुण वाघ आठवा. त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरने वाटेत पाच हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद केली. अशी फाइल फक्त वाढत जाते; जुन्या ओळी तशाच राहतात. फोटोंचा ढीग आणि नोंदींची फाइल या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि कोणते साधन घ्यायचे हे ठरवण्याआधी आपला डेटा कोणत्या जातीचा आहे हे पाहिले पाहिजे.

आता कसोटीचा दुसरा भाग: कुठे बसून. इथे सर्वाधिक वेळ वाया जातो. बहुतेक ठिकाणी दोन्ही नॅस एका कॉम्प्युटरवर माउंट करतात, म्हणजे ते साध्या फोल्डरसारखे दिसतात, आणि तिथे आरसिंक चालवतात. आरसिंकला दोन्ही बाजू ‘इथल्याच’ वाटतात, म्हणून ते तुकड्यांची युक्ती आपणहून बंद ठेवते आणि बदललेली फाइल पूर्ण पाठवते. जबरदस्तीने युक्ती चालू केली तर आणखी वाईट होते. जुनी फाइल कुठे बदलली हे शोधायला ती आधी सगळी लाइनवरून वाचून आणावी लागते! जे वाचवायचे तेच खर्ची पडते. शिवाय फाइलींची नुसती विचारपूस महाग पडते. लाइनवर एका प्रश्नोत्तराला ३० मिलिसेकंद धरले आणि फाइली दोन लाख असल्या, तर काहीही न पाठवता फक्त ‘बदललास का’ विचारण्यात शंभर मिनिटे जातात.

उपाय आरसिंकच्या रचनेतच आहे. ते दोन्ही टोकांना चालले पाहिजे, प्रत्येक टोक आपापल्या डिस्कशेजारी बसून. सिनॉलॉजी, क्यूनॅपसारख्या बाजारातल्या बहुतेक नॅसच्या पोटात लिनक्सच असते आणि एसएसएच (दूरच्या मशीनवर कुलूपबंद जोडणीने जाण्याची वाट) किंवा आरसिंक सेवा सुरू करण्याची सोय असते. ती सुरू केली की पलीकडचे टोक आपल्या डिस्कवरची यादी आपणच करते आणि एका सलग ओघात पाठवते. दोन लाख प्रश्न उरत नाहीत. माझे स्पष्ट मत आहे की लाइन यवतमाळच्या बाहेर जात असेल तर माउंट केलेल्या फोल्डरवर आरसिंक चालवूच नये. एकाच खोलीतल्या दोन डब्यांत गिगाबिटची तार असेल तर गोष्ट वेगळी.

लाइट जाण्याचाही विचार याच ठिकाणी करावा लागतो. आरसिंक मुळात अर्धवट आलेली फाइल टाकून देते. ‘पार्शल’ हा पर्याय दिला तर अर्धी फाइल राहते आणि पुढच्या वेळी तिथून काम सुरू होते. पाच गीगाबाइटच्या एका व्हिडिओसाठी हा पर्याय म्हणजे अर्धा तास वाचणे किंवा वाया जाणे एवढा फरक आहे. ‘बीडब्ल्यूलिमिट’ने लाइनचा ठरावीक भागच वापरता येतो, म्हणजे दिवसा कार्यालयाचे बाकीचे काम अडत नाही. दाबून पाठवण्याचा ‘झेड’ मात्र फोटोंसाठी निरर्थक. जेपेग आधीच दाबलेले असते.

वेळेच्या खुणेवर एवढा भरवसा ठेवायचा तर ती खूण खरी असली पाहिजे, आणि मेमरी कार्डावर ती अडचणीची असते. कार्डांवर बहुधा फॅट ही जुनी मांडणी असते. तिच्यात वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच लिहिली जाते आणि ती स्थानिक घड्याळाची असते, जागतिक नव्हे. एका मशीनने ती स्थानिक धरली आणि दुसऱ्याने जागतिक, तर प्रत्येक फोटोच्या वेळेत बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. मग आरसिंकला सगळेच फोटो बदललेले दिसतात. हे ओळखायला ‘आयटमाइझ’ हा पर्याय द्यावा, सोबत ‘ड्राय-रन’, म्हणजे प्रत्यक्ष काही न करता काय झाले असते ते दिसते. प्रत्येक फाइलपुढे अकरा चिन्हांचा एक गट येतो. त्यात ‘एस’ म्हणजे आकार बदलला, ‘टी’ म्हणजे वेळ बदलली. हजारो ओळींवर ‘एस’ कुठेच नाही आणि ‘टी’ सगळीकडे, असे दिसले की समजावे, फोटो तेच आहेत, घड्याळ चुकले आहे. दोन सेकंदांच्या अडचणीवर ‘मॉडिफाय-विंडो’ला एक ही किंमत द्यावी. साडेपाच तासांसाठी कार्ड माउंट करतानाच फरक मिनिटांत सांगता येतो: ३३०.

कार्डाची आणखी एक खोड आहे. कॅमेऱ्यांच्या फाइलनावांत क्रमांकाला चारच आकडे असतात, ०००१ ते ९९९९. दीडशे कार्डांवर दीडशे वेळा तेच ‘आयएमजी ०००१’ असते. सगळी कार्डे एकाच फोल्डरवर जुळवायला गेलात तर शेवटचे कार्ड आधीच्यांवर लिहिले जाईल आणि कोणतेही साधन तक्रार करणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती एकच बदललेली फाइल आहे. चौकोनाचा क्रमांक, कॅमेऱ्याची बाजू आणि तारीख यांचा फोल्डर आधी, जुळवणी नंतर.

विंडोजच्या कार्यालयांत रोबोकॉपी हे हाताशी असलेले साधन आहे. ते आधी एनटीच्या रिसोर्स किटबरोबर मिळे; व्हिस्टापासून विंडोजमध्येच येते. तुकड्यांची युक्ती त्याच्याजवळ नाही. बदललेली फाइल ते पूर्ण नेते. पण न बदललेल्या सोडणे, अनेक फाइली एकाच वेळी पाठवणे आणि फॅटच्या दोन सेकंदांना सांभाळून घेणे त्याला उत्तम जमते. फोटो आणि एक्स-रे अशा न बदलणाऱ्या फाइलींना ते पुरेसे आहे. त्याची एक मूळ मांडणी मात्र लगेच बदलावी. एखादी फाइल कोणी उघडून ठेवली असेल तर ते दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करते, म्हणजे एका अडकलेल्या फाइलवर सुमारे ३४७ दिवस. प्रयत्नांचा आकडा दोन-तीनवर आणावा. दुसरे, काम यशस्वी होऊन फाइली कॉपी झाल्या तरी ते शेवटी १ हा आकडा परत देते. टास्क शेड्युलर किंवा बॅच फाइल त्याला चूक समजू शकते. आठपासून पुढचे आकडेच खऱ्या बिघाडाचे.

आता पुसण्याबद्दल, आणि इथे मला थांबून लिहायचे आहे, कारण या सगळ्या विषयातले खरे नुकसान इथेच होते. इकडे पुसलेली फाइल तिकडेही पुसावी यासाठी आरसिंकमध्ये ‘डिलीट’ आहे, रोबोकॉपीत ‘एमआयआर’. दोन्हींचा अर्थ एकच: पलीकडे जे आहे पण इकडे नाही, ते जादा आहे, काढून टाक. पण इकडे ‘नाही’ म्हणजे कोणी पुसले, की इकडे काही दिसतच नाही? साधनाला हा फरक कळत नाही.

आपल्याकडे हे कसे घडते ते पाहा. रात्री एक वाजता लाइट जाते, दीडला येते. कॉम्प्युटर दोन मिनिटांत उठतो. नॅसला डिस्क तपासायला जास्त वेळ लागतो. कॉम्प्युटरने नॅस माउंट करायचा प्रयत्न केला तेव्हा नॅस तयार नव्हता, म्हणून माउंट झाला नाही. पण ज्या रिकाम्या फोल्डरवर तो माउंट व्हायचा तो फोल्डर जागेवर आहेच. दोन वाजता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामे सुरू करणारी लिनक्सची सोय, आरसिंक सुरू करतो. स्रोत रिकामा, डिलीट चालू. वाचताना चूक आली असती तर आरसिंकने पुसणे आपणहून थांबवले असते. ती काळजी ते घेते. पण रिकामा फोल्डर वाचणे ही चूक नाही. सकाळपर्यंत पलीकडची प्रतही रिकामी, आणि लॉगमध्ये सगळे सुरळीत.

याला तीन आडकाठ्या आहेत आणि तिन्ही एकदम लावाव्यात. खऱ्या नॅसवर मुळाशीच एक खुणेची छोटी फाइल ठेवायची आणि ती दिसली तरच स्क्रिप्टने पुढे जायचे. ‘मॅक्स-डिलीट’ने एका वेळी किती पुसता येईल याला मर्यादा घालायची, फोटोंच्या साठ्यात रोज पन्नासहून जास्त फाइली पुसल्या जाण्याचे कारणच नाही. आणि ‘बॅकअप-डिर’ देऊन पुसल्या किंवा बदलल्या जाणाऱ्या फाइली तारखेच्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवायच्या. स्रोताच्या शेवटच्या तिरक्या रेघेकडेही लक्ष हवे. रेघ दिली तर अर्थ ‘याच्या आतले सगळे’, नाही दिली तर ‘हा फोल्डर स्वतः’. रेघ दिली, डिलीट दिले आणि लक्ष्य म्हणून चुकून एक पायरी वरचा फोल्डर दिला, तर तिथले शेजारचे सगळे फोल्डर जादा ठरतात.

ही भीती केवळ लहान कार्यालयांची नाही. जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर डिसेंबर २०२१ मध्ये सुमारे ७७ टेराबाइट डेटा, तीन कोटींहून अधिक फाइली, बॅकअपच्याच स्क्रिप्टने पुसल्या. स्क्रिप्ट चालू असतानाच तिची नवी आवृत्ती तिच्यावर लिहिली गेली. शेल स्क्रिप्ट थोडी थोडी वाचत जाते. मधूनच नवा मजकूर वाचला गेला, त्यातली नावे अजून ठरलेलीच नव्हती, आणि पुसण्याचा आदेश रिकाम्या नावानिशी चालला. स्क्रिप्टमध्ये न ठरवलेले नाव आले तर तिथेच थांबण्याची सूचना शेलला देता येते. ती एक ओळ प्रत्येक बॅकअप स्क्रिप्टच्या डोक्यावर असावी.

बाजूला ठेवलेल्या प्रतींचा विचार एक पायरी पुढे नेला की ‘लिंक-डेस्ट’ येते. यात रोज नवा तारखेचा फोल्डर होतो आणि तो पूर्ण दिसतो. पण न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच असते, रोजच्या फोल्डरांतून तिच्याकडे फक्त वाटा जातात. महिनाभराच्या तीस पूर्ण प्रती जवळजवळ एका प्रतीच्या जागेत मावतात. आरएसस्नॅपशॉट हे साधन याच पायावर उभे आहे. ज्यांना नुसता आरसाच, म्हणजे आजची हुबेहूब प्रतच नको, मागच्या मंगळवारी काय होते तेही हवे, त्यांनी इथून सुरुवात करावी. रेस्टिक आणि बोर्ग आणखी पुढे जातात. तीच फाइल तीन ठिकाणी असली तरी ते एकदाच साठवतात आणि कुलूपबंद ठेवतात. मोबदल्यात पलीकडची प्रत साध्या फोल्डरसारखी उघडून पाहता येत नाही. लहान कार्यालयाला मी लिंक-डेस्टच सुचवेन. अडचणीच्या दिवशी कोणालाही उघडता येणारी प्रत हवी.

इथपर्यंत बदल एकाच दिशेने जात होते. पांढरकवड्यातही फाइली बदलतात आणि यवतमाळातही, अशी वेळ आली की आरसिंक अपुरे पडते. दोनदा उलटसुलट चालवून ते साधत नाही, कारण आरसिंकला स्मृती नाही. एक फाइल इकडे आहे, तिकडे नाही: ती इकडे नवी आली, की तिकडे पुसली गेली? मागच्या वेळी दोन्हीकडे काय होते हे लक्षात असल्याशिवाय उत्तर देता येत नाही. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या बेंजामिन पिअर्स यांनी उभे केलेले युनिसन नेमकी ही स्मृती ठेवते. दोन्हीकडे एकच फाइल बदलली असेल तर ते स्वतः निर्णय घेत नाही, विचारते. सतत चालणारे सिंकथिंग विचारत नाही. हरलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवून देते. गूगल ड्राइव्हसारख्या क्लाउडकडे जायचे तर आरक्लोन आहे. त्यातही ‘कॉपी’ आणि ‘सिंक’ या दोन आज्ञांतला फरक पुसण्याचाच आहे, म्हणून नवख्याने कॉपीवर राहावे.

कसोटीला तिसरेही उत्तर आहे: बदल फाइल सिस्टिमनेच ओळखावा. प्रत्येक लिहिणे तिच्या हातून होते, मग तिला वेगळे शोधावे का लागावे? सनच्या झेडएफएसने आणि पुढे लिनक्सच्या बीटीआरएफएसने हे साधले. काल रात्रीचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची थिजवलेली स्थिती, आणि आजचा स्नॅपशॉट यांच्यात कोणते ब्लॉक नवे आहेत हे तिला माहीतच असते. ‘सेंड’ म्हटले की तेवढेच निघतात. दोन लाख फाइली असोत की वीस लाख, यादी करावी लागत नाही. दोन्ही टोकांना तशीच फाइल सिस्टिम हवी एवढी अट आहे, आणि ती जमत असेल तर याहून चांगला मार्ग नाही. लिनक्सचे आयनोटिफाय हे मात्र वेगळे. ते फाइल बदलली की कळवते, पण त्याच मशीनवरून झालेला बदल. नॅसवर दुसऱ्या कॉम्प्युटरने काही लिहिले तर माउंट करून बसलेल्या मशीनला त्याचा पत्ता लागत नाही. त्यावर उभारलेली ‘तत्काळ सिंक’ची साधने नॅसच्या बाबतीत म्हणूनच फसतात.

स्नॅपशॉटचा दुसरा उपयोग जिनिंगवाल्यांनी लक्षात घ्यावा. कापसाच्या हंगामात टॅली रात्री उशिरापर्यंत उघडे असते. कंपनीच्या क्रमांकाच्या फोल्डरात अनेक फाइली एकमेकींशी जोडलेल्या असतात. कॉपी चालू असताना एक नोंद झाली तर पहिली फाइल नोंदीच्या आधीची आणि दहावी नंतरची जाते. अशी प्रत दिसायला पूर्ण, उघडताना तुटकी. म्हणून आधी स्नॅपशॉट घ्यायचा आणि आरसिंक त्या थिजलेल्या प्रतीवरून चालवायचे. हे जमत नसेल तर टॅली बंद झाल्यावरच कॉपी. एकमेकींशी जोडलेल्या फाइली कोणत्या क्रमाने जातात याचे महत्त्व डेबियन लिनक्सच्या जगभरच्या आरशांतही दिसते, आयआयटी कानपूरही असा आरसा चालवते. तिथली रीत अशी की आधी पॅकेजे आणायची, त्यांची सूची नंतर आणि पुसणे सर्वांत शेवटी. मध्येच कोणी आले तर सूचीत नाव आहे पण वस्तू नाही, असे होऊ नये.

मराठी नावांच्या फाइलींची अडचण इंग्रजी पुस्तिकांत सापडत नाही, म्हणून ती इथे नोंदवतो. ‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एक स्वतंत्र चिन्ह आहे. तोच ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. आणि काही कीबोर्ड ‘र’, हलन्त व एक न दिसणारे जोडचिन्ह देऊन तसाच आकार उमटवतात. पडद्यावर तिन्ही सारखेच. पहिले नाव ४६ बाइटचे, दुसरी दोन ४९ बाइटची. आरसिंक नावे बाइटनेच जुळवते, म्हणून त्याला या तीन वेगळ्या फाइली. मॅकची जुनी एचएफएस प्लस मांडणी तर पहिल्या प्रकारचा ‘ऱ’ आपणहून फोडून दुसऱ्या प्रकारचा करत असे. अशा मॅकवरून लिनक्सच्या नॅसवर जुळवणी केली की ‘दऱ्या’, ‘कॅमेऱ्यांचे फोटो’, ‘गावकऱ्यांचे अर्ज’ या सगळ्यांच्या जोड्या होतात, आणि डिलीट चालू असेल तर त्यातली एक पुसली जाते. पहिल्या दोन रूपांत मेळ घालायला आरसिंकच्या ३.० पासून ‘आयकॉन्व्ह’ हा पर्याय आहे. ॲपलने मात्र मॅकबरोबर अनेक वर्षे २.६.९ ही जुनी आवृत्तीच दिली, म्हणून नवी वेगळी बसवावी लागते. तिसऱ्या रूपाला कोणताच पर्याय नाही. नाव बदलणारी स्क्रिप्ट एकदा चालवून सगळीकडे एकच रूप करावे.

लांबीचेही तसेच. लिनक्सच्या बहुतेक फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे काना-मात्रा-अनुस्वार मोजून ८५ चिन्हे. विंडोजवर २५५ चिन्हे चालतात. सिनॉलॉजीच्या कुलूपबंद फोल्डरात तर १४३ बाइट, म्हणजे ४७ चिन्हे. शासकीय पत्राचा अख्खा विषय फाइलचे नाव म्हणून देण्याची आपली सवय इथे आड येते: विंडोजवर नीट असलेली फाइल नॅसवर जायला नकार देते. लॉगमध्ये अशा ओळी शोधाव्यात. त्या शेवटच्या पडद्यावर दिसत नाहीत.

डिस्कवर पडून राहिलेला डेटा कधी कधी आपोआप सडतो. एखादा बिट उलटतो. आकार आणि वेळ तीच राहते. रोजच्या जुळवणीला तो दिसत नाही. ‘चेकसम’ पर्याय दोन्हीकडची प्रत्येक फाइल पूर्ण वाचून खूण जुळवतो, म्हणून तो रोज परवडत नाही, पण दोन-तीन महिन्यांनी एकदा चालवावा. मात्र थेट नव्हे! स्रोतातली फाइल सडली असेल तर चेकसम तिला ‘बदललेली’ समजून पलीकडच्या चांगल्या प्रतीवर चढवेल. आधी ड्राय-रन आणि आयटमाइझ. ज्या ओळीवर ‘सी’ आहे पण ‘एस’ आणि ‘टी’ नाहीत, म्हणजे आतला मजकूर बदलला पण आकार आणि वेळ नाही, त्या फाइली हाताने उघडून पाहायच्या. फोटोत अर्ध्यावरून राखाडी पट्टा दिसला तर कोणती बाजू सडली ते लगेच कळते.

राहिला दरवाजा. आरसिंकची स्वतःची सेवा ८७३ क्रमांकाच्या पोर्टवर चालते आणि मजकूर उघडा पाठवते. लाइन इंटरनेटवरून जात असेल तर एसएसएचमधूनच जावे. जानेवारी २०२५ मध्ये आरसिंक ३.४.० ने काही गंभीर त्रुटी बुजवल्या, त्यातली एक सेवा चालवणाऱ्या सर्व्हरवर बाहेरच्याला ताबा देऊ शकणारी होती. म्हणून नॅसचे अपडेट टाळू नये. जानेवारी २०२२ मध्ये इंटरनेटवर उघडे ठेवलेले क्यूनॅपचे नॅस डेडबोल्ट या खंडणीखोर सॉफ्टवेअरने कुलूपबंद केले होते. अशा वेळी आरसा वाचवत नाही, कुलूपबंद झालेल्या फाइलीच तो पलीकडे नेतो. यासाठी पलीकडे तारखेनुसार प्रती ठेवाव्यात आणि दिशा उलटी करावी. कार्यालयाच्या मशीनने पलीकडे ढकलण्याऐवजी पलीकडच्या नॅसने येऊन ओढून न्यावे. मग कार्यालयाच्या मशीनजवळ त्या नॅसची किल्लीच नसते. ओढणाऱ्या किल्लीलाही आरसिंकबरोबर येणारी आरआरसिंक ही छोटी स्क्रिप्ट बांधून ठेवता येते: एकच फोल्डर, फक्त वाचण्यापुरता.